सुनेच्या खोकल्याची वही

९ डिसेंबर

ही वही माझी नाही, सुनेच्या खोकल्याची आहे. आधीच लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की जयवंताबाई उतारवयात कवयित्री झाली.

आज भाग्यलक्ष्मीला घेऊन आदिलाबादला गेले होते, छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे. तिच्या लग्नाला दोन वर्षं होत आली. मागच्या हिवाळ्यात ती खोकत होती, उन्हाळ्यात ठणठणीत झाली, आणि या कार्तिकापासून पुन्हा सुरू. रात्री दम लागतो, छातीत शिट्टी वाजते, अंगाला खाज सुटते. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तोंडात ओढायचा पंप लिहून दिला आणि म्हणाल्या, हिला कशाची तरी ॲलर्जी आहे. खाण्यातली असेल, नाहीतर घरातली. दोन महिने रोज लिहून ठेवा. काय खाल्लं, कशाला हात लावला, कशाचा वास आला, खोकला कधी आला.

मग त्यांनी भाग्यलक्ष्मीला तेलुगूत विचारलं की घरात अलीकडे नवीन काय आलंय. तेलुगू मला बोलता येत नाही, पण कळतं सगळं. मीच हिंदीत सांगून टाकलं की नवीन काही नाही, दसऱ्याला एक मिक्सर घेतला तेवढाच. पुढचे पाच-सहा प्रश्नही मीच निपटले. पोरगी बुजरी आहे, परक्या माणसापुढे तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, मग अम्मा, तुम्हीच लिहा.

दुसरं लिहिणार तरी कोण? भाग्यलक्ष्मी गुडीहत्नूरला तेलुगू शाळेत दहावीपर्यंत शिकली. बोलते आपलंच, पण मराठी अक्षर वाचायचं म्हटलं की तिला घाम फुटतो. माझ्या मुलाला, गोपालला, शेतातून सवड नाही. यांच्या, म्हणजे सुधाकररावांच्या हाती वही दिली तर ते फक्त पावसाच्या तारखा लिहितील. राहिले मी, सातवी पास, वर्गात पहिली. गोपालला खताच्या दुकानातून मागच्या वर्षी मिळालेली डायरी कोरीच पडली होती. तारखा चुकीच्या आहेत म्हणून माझ्या हातानं घालते आहे.

मला लहानपणापासून प्रत्येक गोष्टीत ‘काऊन? असं का?’ विचारायची खोड. त्यापायी माहेरी मार खाल्ला, सासरी टोमणे. आता डॉक्टरनंच विचारायला सांगितलंय म्हटल्यावर मला कोण अडवतो.

११ डिसेंबर

सकाळी ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. दुपारी तेच आणि ताक. संध्याकाळी भात-वरण. खोकला उठल्या-उठल्या तीनदा, आंघोळीनंतर एकदा. दिवसभर वेचणीला शेतात होती तेव्हा एकदाही नाही. (म्हणजे कामात असली की खोकला येत नाही. हे लक्षात ठेवण्यासारखं.) रात्री दोनदा उठून बसली, असं गोपाल म्हणाला.

पहिला संशय फोडणीवर. लाल मिरचीची फोडणी बंद, हिरवी मिरची सुरू. दुसरा संशय डासांच्या कॉइलवर. तीही बंद, तिच्या जागी कडुलिंबाचा वाळला पाला जाळायचा. तो धूर मात्र आम्हा सगळ्यांनाच लागला. यांनी डोळे पुसत विचारलं, हे औषध माणसाचं हाय का डासाचं.

झोपायची जागा कशी आहे हेही लिहायला सांगितलंय. गोपाल-भाग्यलक्ष्मीची खोली घरातली सगळ्यात चांगली आहे. फरशी पक्की, ओल नाही, दाराला कडी घट्ट. म्हणून तर दरवर्षी कापूस तिथंच भरतो. दसऱ्यानंतर पहिल्या वेच्याच्या कापसाला हळदकुंकू वाहून मीच त्या खोलीत ठेवते आणि त्यावर बाकीचा चढत जातो. यंदा ढीग खिडकीच्या वर गेला. आमच्या भागात थंडी हाडात शिरते, पण त्या खोलीत एका गोधडीत भागतं. नव्या जोडप्याला याहून चांगली जागा मी कुठून देणार?

आज दिवेलागणीला एक गोष्ट झाली. भाग्यलक्ष्मी अंथरुणाची वळकटी घेऊन ओसरीत आली आणि हळूच म्हणाली, “आत्याबाई, मी इथं झोपू का? मोकळं वाटते.”

मी म्हटलं, “इतक्या थंडीत? लोकं म्हनतील, सासूनं सुनेले बाहेर काढलं.”

तिनं वळकटी परत नेली. खोकला असताना उघड्यावर झोपायचं सुचतं, याला काय म्हणावं. तरुण आहे, अजून कळत नाही.

१४ डिसेंबर

थंडी वाढली. सकाळी बैलांच्या नाकातून वाफा निघत होत्या.

दाराच्या फटीतून वारा येतो असं माझ्या लक्षात आलं. तिची खाट दाराजवळ होती. मी आणि गोपालनं मिळून ती उचलून आतल्या बाजूला, कापसाला अगदी टेकवून लावली. तिथं ऊब चांगली. छातीला मोहाच्या टोळंबीचं, म्हणजे बियांचं, तेल चोळलं. नार्नूरहून माझ्या बहिणीनं पाठवलेलं आहे, थंडीत याच्यासारखं दुसरं काही नाही. सुंठ, गूळ आणि तुळशीचा काढाही दिला. तो मीही घेते. दर हिवाळ्यात महिना दोन महिने मला खोकला असतोच, माझी प्रकृतीच तशी.

१५ डिसेंबर

रात्री पंप तीनदा ओढावा लागला. तेल गुण द्यायला वेळ लावतं.

१९ डिसेंबर

आज मथुराबाई आल्या, भाग्यलक्ष्मीच्या आई. लेकीचा चेहरा बघून त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. मी आपली वही काढून दाखवत होते की बघा, अकरा तारखेपासून काय काय बदललं. त्यांनी वहीकडे पाहिलंही नाही. म्हणाल्या, “इहीनबाई, पोरगी माझी दोन हिवाळे खोकून राह्यली. आता मी तिले नेते. बरी नाई झाली तर पुन्ना इथं धाडनार नाई. जावईबापूले यायचं असन तर त्यायनं तिकडं यावं.”

म्हणजे गोपालनं घर सोडून हायवेवर खोली करून राहावं. एकुलता एक मुलगा. मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर थांबले नसते. भाग्यलक्ष्मीनं जाताना पाया पडून माझा हात धरला. तिचा हात गरम होता.

गोपाल जेवला नाही. मी पण नाही, पण ते कुणाला सांगितलं नाही.

२३ डिसेंबर

फोन आला. गुडीहत्नूरला गेल्यापासून तिसऱ्या दिवशी खोकला थांबला. पंप पिशवीतच आहे.

आनंद व्हायला हवा ना? मला झोंबलं. चार दिवसांत! इथं मी काढे उकळून, तेल चोळून, मिरची सोडून पाहिली, आणि तिथं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं की खोकला गेला. ही वही तिला वाचता येत नाही म्हणून खरं लिहिते. मला वाटलं, पोरगी नाटक करते की काय. शेतात खोकला नाही, माहेरी खोकला नाही, फक्त सासूच्या घरात खोकला. असं कुठं असतं?

पण छातीतली शिट्टी मी माझ्या कानानं ऐकली आहे. तिचं नाटक कसं करतात, हे मला अजून सुचलेलं नाही.

२७ डिसेंबर

सुचत नसलं की बघून यावं. आज गुडीहत्नूरला जाऊन आले. तीळ-गुळाचे लाडू द्यायचं निमित्त केलं, खरं तर ते घर बघायचं होतं.

घर म्हणजे हायवेला लागून दोन खोल्या. भाग्यलक्ष्मीच्या वडिलांचं पंक्चरचं दुकान पुढेच. ट्रक गेला की धुळीचा लोट थेट चुलीपर्यंत. माझ्या घरात याच्या चौथाईनंही धूळ नाही. आणि त्या धुळीत भाग्यलक्ष्मी दारात बसून मेथी निवडत होती, गाल भरलेले, आणि आपल्या भावजयीशी काहीतरी बोलून खिदळत होती. मला पाहिलं तशी गप्प झाली आणि पदर सावरला.

मी सगळं घर पाहिलं. डबे उघडून पाहिले. मथुराबाई बघत होत्या, पण मला आता लाज धरून चालणार नव्हतं. त्यांच्याकडे तेल घाण्याचं, शेंगदाण्याचं, आमच्याकडे पुड्यातलं. त्यांचा तवा लोखंडी, आमचा तो काळा गुळगुळीत. त्या कपड्यांना साधी वडी लावतात, आम्ही वासाची पावडर. पाणी माठातलं, आम्ही कॅनचं. झोपायला सतरंजी आणि गोधडी, आमच्याकडे लग्नातली जाड गादी. डासांना जाळी. विसरू नये म्हणून बसमध्ये तिकिटाच्या मागे सगळं लिहून घेतलं.

धुळीचं कोडं मात्र सुटत नाही.

२ जानेवारी

घर बदललं. घाण्याचं तेल आणलं, लोखंडी तवा माळ्यावरून काढून घासला, पावडर बंद, कॅन बंद, नवा माठ वाळूवर ठेवला. गादी गोठ्यात नेऊन टाकली. जाळी बांधली. सुती चादरी उकळत्या पाण्यात काढल्या. पांढरी साखर जाऊन गूळ आला. संध्याकाळच्या भाताऐवजी पुन्हा भाकर. हे सगळं बरंच आहे, नुकसान कशातच नाही. भाकरीला लोखंडी तव्यावर जी चव येते ती विसरूनच गेले होते. यांचं पोट पण हलकं झालं, असं हेच म्हणाले. मग मिशीत हसत म्हणाले, आता फक्त दारात पंक्चरचं दुकान टाकायचं राह्यलं.

गोपाल उद्या तिला आणायला जातो आहे. मथुराबाईंनी एकदा पाठवायचं कबूल केलं. एकदाच.

७ जानेवारी

तीन तारखेला आली. पहिली रात्र बरी गेली. दुसऱ्या रात्री थोडी खाज. काल रात्री पुन्हा दम.

मी सकाळपासून माठाकडे, तव्याकडे, चादरींकडे एकेक करून बघते आहे. तुमच्यातला कोण चोर, सांगा.

दुपारी ती खोली झाडून बाहेर आली आणि म्हणाली, “मामाजी कापूस कधी नेनार हायेत?” मी म्हटलं, तुझे सासरे चांगल्या भावासाठी थांबलेत, शिवरात्रीनंतर बघू. ती मान हलवून गेली. एवढ्या दुखण्यातही पोरीला मालाच्या भावाची काळजी. पंक्चरच्या दुकानातली मुलगी शेतकऱ्याच्या घरातली झाली. मला त्या बोलण्यानं बरं वाटलं.

१० जानेवारी

आज माझ्या तोंडून वाईट गेलं.

रात्री ती बसूनच होती. सकाळी मी काढा घेऊन गेले तर म्हणाली, नको. सगळं केल्यावर हे ‘नको’ मला सहन झालं नाही. मी म्हटलं, “माहेरी खोकला येत नाई, इथंच येते. आता मी काय समजू? सांग तूच.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलेल असं वाटलं. मग तिनं मान खाली घातली आणि पिशवी भरायला घेतली. गोपाल मोटारसायकलवर घेऊन गेला. जाताना मला म्हणाला, “आई, मी बी काही दिवस तिकडंच राह्यतो.”

काही दिवस म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. प्रत्येक गोष्टीत काऊन विचारणारी मी.

१५ जानेवारी

काल संक्रांत झाली. यांना तिळगूळ दिला, त्यांनी मला दिला, झाला सण. गोपालचा फोन आला होता. गुडीहत्नूरला एक खोली भाड्यानं बघितली आहे, रोज इकडे शेतात येऊन जाऊन करीन म्हणाला. हे ओसरीत बसून दोरीला पीळ देत राहिले. आधीच वळलेल्या दोरीला.

मी ठरवलं. सगळं पाहिलं, चाखलं, हुंगलं, पण एक केलं नाही. मी त्या खोलीत झोपून पाहिलं नाही. आज झोपणार आहे, तिच्याच खाटेवर, तिच्याच चादरीवर. यांना वाटतंय मुलाच्या आठवणीनं चालले. तेही आहेच.

१६ जानेवारी

सकाळी नाक बंद. खोकला चारदा. माझा हिवाळ्याचा खोकला धरला तरी हा जास्त. संशय खाटेच्या नवारीवर.

१७ जानेवारी

खाट बाहेर काढली. गुडीहत्नूरसारखीच खाली सतरंजी टाकून गोधडी घेऊन झोपले. जागा तेवढीच उरलेली, ढिगाच्या पायाशी.

पहाटे छातीत शिट्टी वाजली. माझ्या छातीत. मी घाबरले आणि दुसऱ्याच क्षणी मला फार बरं वाटलं, कारण नाटक नाही हे आता मला आतून कळलं होतं. हातांवर कोपरापर्यंत लाल पुरळ.

१८ जानेवारी

आज शेतात गेले नाही. त्या खोलीत बसून राहिले, वही मांडीवर घेऊन.

खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून आठच्या सुमाराला उन्हाची एक तिरीप येते. त्या तिरीपेत मी ढिगावर हात दाबला. पांढरी भुकटी उठली, आणि खाली बसायचं नावच घेईना. वर, खाली, माझ्या तोंडासमोर तरंगत राहिली. ढिगात खोल हात घातला तर आत कोमट आणि दमट, कुबट वास, हाताला बारीक किडे. शेतात बोंडातून उन्हात निघतो तो कापूस वेगळा. हा तीन महिने कोंडलेला.

तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, हे कबूल करते. कापसानं थोडी खाज सुटते हे आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. कांदा चिरला की डोळ्यात पाणी येतं, त्याला कुणी आजार म्हणतं का? मी वही चाळत बसले. ‘गुडीहत्नूरला आहे, आपल्याकडे नाही’ अशी माझी अख्खी पानभर यादी. तेल, तवा, माठ, जाळी. त्यातलं सगळं मी आणलं होतं. मग मनात आलं, उलटी यादी कुठाय? आपल्याकडे आहे आणि गुडीहत्नूरला नाही, ते मी कधी लिहिलंच नाही.

लिहायला घेतलं. बैल. कडब्याची गंजी. वाळक्या पऱ्हाट्या जाळायची चूल. आणि पुढचा शब्द लिहिण्यासाठी मान वर केली तर तो समोर छताला टेकून बसला होता.

कार्तिकात कापूस घरात येतो, कार्तिकात ती खोकायला लागते. मागच्या वर्षी होळीच्या आधी कापूस गेला, होळीला ती बरी होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, नवीन काय आलंय. दरवर्षी येतं ते मला नवीन वाटलंच नाही. अकरा तारखेला खोलीचं वर्णन लिहिलं तेव्हा त्याची शाबासकी लिहिली. चौदाला पोरीची खाट उचलून त्याला टेकवली. ऊब चांगली म्हणून!

स्वतःचंच अक्षर वाचून इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

१९ जानेवारी

यांना सांगितलं. जेवण झाल्यावर, शांतपणे, वहीतल्या तारखा वाचून. यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, “तीस-पस्तीस वर्सं झाले, कापूस त्याच खोलीत ठेवून राह्यलो. कोनाले काही झालं काय?”

मी ‘नाही’ म्हणणारच होते. मग मला माझा दर हिवाळ्याचा खोकला आठवला. आणि त्याच्यामागून सासूबाई आठवल्या, देवकाबाई. त्या खोलीत त्या झोपायच्या. थंडीभर धापा टाकत उशी उभी करून बसायच्या. आम्ही म्हणायचो, वय झालं. अठ्ठेचाळीस हे काय वय असतं? आज मी त्यांच्याहून मोठी आहे. त्या माघात गेल्या.

मी म्हटलं, “तुमच्या आईले काय झालं होतं?”

हे उठून बाहेर गेले. मला वाटलं रागावले. मी बोलायला नको होतं असंही वाटलं. कशानं काय झालं होतं ते आता कोण सांगणार? अर्ध्या तासानं आत आले, आणि म्हणाले, परवा गाडी सांगितली आहे.

भाव काय आहे ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

२३ जानेवारी

परवा कापूस गेला. भरताना सगळ्यांनी तोंडाला फडकं बांधलं होतं. माझ्याकडे बघून माणसं हसत होती; हसू द्या.

कालपासून खोली धुते आहे. भिंतींवर, कोळ्याच्या जाळ्यांवर, बल्बवर, देवाच्या तसबिरीमागे पांढरी लव बसली होती. झाडू मारला असता तर पुन्हा उडाली असती म्हणून ओल्या फडक्यानं पुसून काढली. भिंतींना चुना दिला. खिडकी उघडली. ढिगामुळे ती कार्तिकापासून उघडलीच नव्हती. आता खोलीत ऊन थेट समोरच्या भिंतीपर्यंत जातं. पुढच्या वर्षासाठी हे गोठ्याच्या पलीकडे उंच जोतं घालून पत्र्याचा कोठा बांधणार आहेत. कापूस तिथं राहील. थंडी वाजली तर गोधड्या आहेत.

२६ जानेवारी

गुडीहत्नूरला गेले. शाळेतून पोरं झेंडावंदन करून परतत होती. मी घरात शिरल्या-शिरल्या सगळं सांगितलं, दोन्ही याद्या, उन्हाची तिरीप, माझी शिट्टी. खोटं कशाला, शाबासकीची वाट बघत होते. मथुराबाईंनी खरंच हात जोडले. गोपाल मान खाली घालून बसला होता, त्याचे डोळे भरले होते.

भाग्यलक्ष्मी चहा ठेवायला उठली. चहा झाल्यावर आम्ही दोघीच मागच्या दारी बसलो. मी म्हटलं, आता तरी खूश हो, कारण सापडलं.

ती म्हणाली, “मले मागच्या सालीच समजलं होतं, आत्याबाई. ढिगापाशी गेली की छाती धरे.”

मला आधी नीट ऐकूच आलं नाही. मग विचारलं, “मग बोलली काऊन नाई?”

“तुमी त्याच्यावर हळदकुंकू वाह्यलं होतं. घरात आलेल्या लक्ष्मीले बाहेर काढा, असं नव्या सुनेनं कोन्या तोंडानं म्हनावं? ओसरीत झोपते म्हनलं. कधी नेनार म्हनून इचारलं.”

वहीत आहे ते सगळं. माझ्याच अक्षरात.

मी तरीही हट्टानं म्हटलं, “आमाले नाई तर नाई, डॉक्टरीनले तरी सांगायचं.”

ती आवाज न चढवता म्हणाली, “डॉक्टरीननं मले इचारलं होतं. बोलल्या तुमी.”

रडले मी. तिथंच, मागच्या दारी, भांड्यांच्या टोपलीजवळ. तिची माफी मागितली. सासूनं सुनेची माफी मागायची रीत आमच्यात नाही, म्हणून शब्द सापडेनात, कसेतरी मागितले. तिनं माझे डोळे स्वतःच्या पदरानं पुसले. त्यानं जास्तच रडू आलं.

ती दोघं परवा घरी येणार आहेत.

१० फेब्रुवारी

दोन महिने झाले म्हणून आज पुन्हा आदिलाबादला गेलो. घरी आल्यापासून तिला खोकला नाही. मलाही नाही, हे डॉक्टरीणबाईंना सांगायची मला फार घाई होती. वही पिशवीत होती. नंबर आला, तशी मी सवयीनं पुढे झाले. मग थांबले. वही भाग्यलक्ष्मीच्या हातात दिली आणि म्हटलं, “तू जा. मी इथं बसते.”

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. वही मला परत दिली आणि एकटीच आत गेली.

हे त्याच बाकावर बसून लिहिते आहे. दार लोटलेलं आहे. आत पंखा चालू आहे, त्यामुळे शब्द लागत नाहीत, नाहीतर मला कळलं असतं. काय सांगत असेल? कापसाचं? माझं? उठून दाराशी जावं असं चारदा वाटलं, चारदा बसले. घरी जाताना विचारणार नाही, असं ठरवलंय. बघू किती जमतं.

पाव तास झाला. डॉक्टरीणबाई मधूनमधून ‘हं’ म्हणतात तेवढंच. बाकी सगळा आवाज भाग्यलक्ष्मीचा. न अडता, न खोकता, एकसारखी बोलते आहे. आत्ता हसली. एवढं बोलते ही पोरगी, आणि दोन वर्षं माझ्या घरात होती.